भविष्यकथनाचा निषेध

उद्या काय घडणार हे आजच कळावे, ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. बाबिलोनचे पुरोहित बळी दिलेल्या मेंढराच्या यकृतावरील खुणा वाचून राजाला सल्ला देत. ग्रीक नगरराज्ये नवी वसाहत वसवण्यापूर्वी डेल्फीच्या देवळात कौल मागत. रोमन अधिकारी पक्ष्यांची उड्डाणे पाहून सभा भरवीत किंवा तहकूब करीत. अशा जगात राहणाऱ्या एका लहानशा राष्ट्राच्या धर्मग्रंथाने हे सारे मार्ग एका दमात वर्ज्य ठरवावेत, ही प्राचीन इतिहासातील एक लक्षणीय घटना होय. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, ही आज्ञा नोंदलेली आहे. मुलाला अथवा मुलीला अग्नीत होमणारा, शकुन पाहणारा, भविष्य सांगणारा, मंत्रतंत्र व चेटूक करणारा, पिशाच्चाला प्रश्न विचारणारा आणि मृतांकडे सल्ला मागणारा असा कोणीही इस्राएल लोकांत आढळता कामा नये, अशी तिची व्याप्ती आहे.

आज्ञा निःसंदिग्ध आहे. तिचे कारण मात्र तितके निःसंदिग्ध नाही. या विद्या खोट्या आहेत, त्यांच्या नादी लागून मनुष्य फसतो, म्हणून त्या वर्ज्य, असे एक उत्तर संभवते. या विद्या खऱ्या आहेत, परंतु त्यांच्यामागे दुष्ट शक्ती उभी आहे, म्हणून त्या वर्ज्य, असे दुसरे उत्तरही संभवते. ही दोन्ही उत्तरे कॅथलिक परंपरेत अगदी प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत आली. एरवी हा केवळ पंडितांचा वाद ठरला असता. परंतु कोणत्या काळी कोणते उत्तर वजनदार ठरले यावर हजारो सामान्य माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले. पहिल्या उत्तराचा पगडा होता तेव्हा या निषेधाने लोकांना भयापासून सोडवले. दुसऱ्याचा पगडा बसला तेव्हा निषेध स्वतःच भयाचे उगमस्थान बनला.

या प्रश्नाची गुंतागुंत खुद्द बायबलातच आहे. जो ग्रंथ शकुन पाहण्यास मनाई करतो, त्याच ग्रंथात मिसर देशचा प्रधान योसेफ याचा प्याला शकुन पाहण्याचा म्हणून वर्णिलेला आहे. इस्राएलचे याजक ‘उरीम’ आणि ‘थुम्मीम’ या पवित्र साधनांनी देवाचा कौल घेत. यहूदाच्या रिकाम्या झालेल्या जागी बारावा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. बाळ येशूच्या दर्शनास आलेले पूर्वेकडील ज्ञानी पुरुष तर तारा पाहूनच निघाले होते. तेव्हा भविष्य जाणणे हेच पाप, असा सरळ अर्थ लावणे शक्य नव्हते. ‘अनुवाद’ पुस्तकातील मनाईच्या पाठोपाठ येणारे वचन याची किल्ली देते. इस्राएल लोकांसाठी त्यांच्याच बांधवांतून मोशेसारखा संदेष्टा उभा केला जाईल, असे आश्वासन तेथे आहे. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नसून ते कोणाकडे आणि कशा वृत्तीने मागावे याचा होता. देव आपण होऊन सांगेल ते ऐकावे. त्याच्या मुठीतून ते हिसकावून घेऊ नये, असा या निषेधाचा गाभा आहे.

हा गाभा जुन्या करारातील एका कथेत अत्यंत करुण रूपाने प्रकट झाला आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल याने भूतविद्या जाणणाऱ्यांना राज्यातून हाकलून लावले होते. पुढे पलिष्टी सैन्य समोर ठाकले. शौलाने देवाला विचारले, पण स्वप्नांतून, उरीमद्वारा किंवा संदेष्ट्यांच्या मुखातून, कोठूनच उत्तर येईना. तेव्हा याच राजाने वेष पालटला आणि दोन सोबती घेऊन रात्रीच्या वेळी एन-दोर येथील एका भूतविद्याजाणत्या स्त्रीचे दार ठोठावले. राजाज्ञा मोडल्यास आपला प्राण जाईल, या भीतीने ती कचरली. राजानेच तिला अभयवचन दिले. मृत संदेष्टा शमुवेल याची आकृती वर आली आणि तिने धीराचा शब्द देण्याऐवजी उद्याच्या पराभवाची व मृत्यूची वार्ता सांगितली. शौल भुईवर कोसळला. दिवसभर आणि रात्रभर त्याने अन्न घेतलेले नव्हते. अखेर त्या स्त्रीनेच घरचे पोसलेले वासरू कापले, बेखमीर भाकरी भाजली आणि राजाला जेवू घातले. दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर शौलाचा अंत झाला. निषेधाचा कायदा करणारा राजाच भीतीच्या घटकेला तो मोडतो, आणि कायद्याने जिला बहिष्कृत केले तीच त्याची भूक भागवते. पुढील शतकांच्या इतिहासाचे बीज जणू या एका रात्रीत पेरलेले आहे.

त्या रात्री खरोखर कोण प्रकट झाले, हा प्रश्न ख्रिस्ती आचार्यांना सतत छळत राहिला. तिसऱ्या शतकातील ओरिगेन याच्या मते तो खरा शमुवेलच होता. चौथ्या शतकात अंत्युखियाचा बिशप युस्टेथियस याने या मताचे खंडन करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका क्षुद्र मांत्रिकीच्या हाती संदेष्ट्याचा आत्मा कसा सापडेल, असा त्याचा आक्षेप होता. संत ऑगस्टिन याने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या. ती सैतानाने उभी केलेली छाया असेल, किंवा देवाच्या विशेष अनुज्ञेने खरा शमुवेल आला असेल. परंतु आला तर देवाच्या इच्छेने आला, त्या स्त्रीच्या मंत्राने नव्हे, हे त्याचे मर्म. कॅथलिकांच्या दृष्टीने येथे आणखी एक प्रमाण होते. सिराखपुत्राचा ज्ञानग्रंथ कॅथलिक बायबलात समाविष्ट आहे, आणि शमुवेलाने मृत्यूनंतरही भविष्य सांगितले असा उल्लेख त्यात येतो. प्रोटेस्टंट पंथांनी हा ग्रंथ प्रमाण मानला नाही.

नव्या करारात या निषेधाला आणखी एक बाजू येऊन मिळाली. फिलिप्पै नगरात भविष्य सांगणारी एक दासी होती. तिच्या कमाईवर तिचे धनी गबर झाले होते. संत पौलाने तिच्यातील दुरात्मा काढून टाकला, तेव्हा या धन्यांना तिच्या मुक्ततेचा आनंद झाला नाही. बुडालेल्या उत्पन्नासाठी त्यांनी पौलाला फरफटत न्यायाधिकाऱ्यांसमोर नेले. इफिस येथे नवदीक्षितांनी आपल्या जादूच्या पोथ्या आपण होऊन जाळल्या. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यमुद्रा भरली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. भविष्यकथन हा एक मोठा व्यापार आहे आणि त्या व्यापारात कोणीतरी दुर्बल मनुष्य भरडला जातो, याची जाणीव या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसते.

कॅथलिक विचाराला या विषयात स्थिर रूप दिले ते संत ऑगस्टिन याने, आणि तेही स्वानुभवातून. इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा बुद्धिमान पुरुष तरुणपणी स्वतःच ज्योतिष्यांच्या मागे लागला होता. व्हिन्डिसियानस या वृद्ध वैद्याने त्याला परोपरीने समजावले, नेब्रिडियस या मित्राने थट्टा केली. पण भ्रम गेला नाही. तो गेला फर्मिनस नावाच्या दुसऱ्या एका स्नेह्याने सांगितलेल्या हकिकतीने. फर्मिनसचे वडील व त्यांचा एक मित्र यांना ज्योतिषाचा एवढा नाद होता की घरातील मुक्या जनावरांच्या जन्मवेळाही ते टिपून ठेवीत. फर्मिनसची आई आणि त्या मित्राची एक दासी एकाच वेळी गर्भवती राहिल्या. दोन्ही घरांतून जन्माची बातमी घेऊन निघालेले निरोपे बरोबर अर्ध्या वाटेवर भेटले; इतका तो क्षण एक होता. कुंडली एकच, ग्रहस्थिती एकच. फर्मिनस पुढे संपत्तीत आणि मानसन्मानात वाढला. दासीचा मुलगा दासच राहिला. या कथेतून ऑगस्टिनने जो निष्कर्ष काढला तो त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात नमूद आहे. ज्योतिष्याने खरे सांगायचे ठरवले तर त्याला एकाच कुंडलीवरून दोन भिन्न भविष्ये सांगावी लागतील; म्हणजे जे सांगितले जाईल ते ग्रहांवरून नव्हे, तर समोरच्या मनुष्याची परिस्थिती पाहून. ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथातही त्याने याकोब व एसाव या जुळ्या भावांचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला.

तथापि ऑगस्टिन येथेच थांबला नाही. ज्योतिष्याचे भाकीत कधी कधी खरे का ठरते, याचा उलगडा करताना त्याने दुरात्म्यांची कल्पना पुढे आणली. शकुनाच्या खुणांना स्वतःचा अर्थ नसतो. मनुष्य आणि दुरात्मे यांच्यामध्ये जणू एक संकेतभाषा ठरलेली असते, आणि त्या भाषेचा वापर म्हणजे त्यांच्याशी केलेला एक प्रकारचा करार होय, असे त्याने प्रतिपादले. अशा रीतीने पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर एकाच आचार्याच्या लेखनात एकत्र आले. आठ-नऊ शतकांनी पाश्चात्त्य धर्मपंडितांनी यांतील ‘करार’ हा शब्द उचलला, तेव्हा त्याचा अर्थ फार निराळा आणि फार भीषण झालेला होता.

मध्ययुगाच्या पूर्वार्धात मात्र बव्हंशी पहिल्या उत्तराचेच राज्य होते. लिओंचा आर्चबिशप अगोबार्ड याने इ. स. ८१५ च्या सुमारास गारा व वीज यांविषयी एक ग्रंथ लिहिला. ढगांतून ‘मागोनिया’ नावाच्या देशाची जहाजे येतात, वादळे उठवणारे मांत्रिक गारपीट पाडतात आणि झोडपलेले धान्य त्या जहाजांतून नेले जाते, अशी त्या प्रदेशातील लोकांची समजूत होती. एकदा लोकांनी तीन पुरुष व एक स्त्री यांना बांधून आणले. हे त्या जहाजांतून खाली पडलेले चोर आहेत, त्यांना दगडांनी ठेचावे, असा जमावाचा आग्रह होता. अगोबार्डने वाद घालून त्या चौघांचे प्राण वाचवले. पोप सातवे ग्रेगरी यांनी १०८० मध्ये डेन्मार्कच्या राजाला पत्र लिहून, वादळे व रोगराई यांचा दोष स्त्रियांवर आणि धर्मगुरूंवर टाकून त्यांचा छळ करू नये, अशी ताकीद दिली. प्र्यूमचा मठाधिपती रेगिनो याने इ. स. ९०६ च्या सुमारास संग्रहित केलेल्या एका धर्मनियमाचे महत्त्व तर फारच मोठे आहे. काही स्त्रिया आपण रात्री डायना देवीबरोबर पशूंवर बसून दूरदूर संचार करतो असे समजतात. हे सारे स्वप्नातील भ्रम आहेत, आणि जो हे देहाने घडते असे मानतो तोच श्रद्धेपासून ढळला, असा त्या नियमाचा आशय होता. ११४० च्या सुमारास ग्रेशियनच्या धर्मशास्त्रसंग्रहात त्याला स्थान मिळाले. म्हणजे चेटकिणीच्या उड्डाणावर विश्वास ठेवणे हीच त्या काळी अंधश्रद्धा ठरत होती.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने या सर्व विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मराठी वाचकाला गणितज्योतिष आणि फलज्योतिष हा भेद परिचित आहे. थॉमसची विभागणी जवळजवळ याच रेषेवरून जाते. ग्रहणाची वेळ आधी सांगणे, आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधणे, रोग्याची नाडी पाहून वैद्याने त्याच्या प्रकृतीचे निदान करणे यांत काहीच दोष नाही, कारण कार्य येथे कारणात निश्चितपणे सामावलेले असते. दोष आहे तो मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेतून घडणाऱ्या गोष्टी आधी सांगू पाहण्यात. ग्रहताऱ्यांचा देहावर परिणाम होतो, हे त्या काळचे मत थॉमसला मान्य होते. बहुतेक लोक देहाच्या विकारांमागे वाहवत जातात, म्हणून ज्योतिष्यांची भाकिते पुष्कळदा खरी ठरतात, असे त्याने मोकळेपणाने लिहिले. परंतु विवेकी मनुष्य विकारांना आवर घालू शकतो, आणि तेथे ताऱ्यांची सत्ता संपते. त्याचे भौतिकशास्त्र आज कालबाह्य झाले आहे. परंतु भविष्यकथनाच्या निषेधाचा आधार मनुष्याचे स्वातंत्र्य हा होय, हे त्याचे प्रतिपादन टिकून आहे.

मग याच परंपरेतून चेटकिणींचे खटले कसे निर्माण झाले? ‘निर्गम’ पुस्तकातील एक कठोर वचन यासाठी पुढे केले जाई. चेटकी स्त्रीला जिवंत ठेवू नये, असा मूळ हिब्रू वचनाचा आशय आहे; सर्वत्र प्रचारात असलेल्या लॅटिन भाषांतरात तेथे दुष्कर्मी मांत्रिक अशा अर्थाचा पुल्लिंगी शब्द होता. पण हे वचन तर पहिल्या शतकापासूनच ग्रंथात होते. बदलला तो त्याचा संदर्भ. चौदाव्या-पंधराव्या शतकांत, महामारी, दुष्काळ आणि धर्मकलह यांनी हादरलेल्या युरोपात, सैतानाशी करार केलेल्या लोकांची एक गुप्त संघटना अस्तित्वात आहे, ही समजूत बळावली. पोप आठवे इनोसंट यांनी १४८४ मध्ये एक आज्ञापत्र काढून जर्मनीतील धर्मचौकशी-अधिकाऱ्यांना पाठबळ दिले. त्यांतील हाइन्रिख क्रामर हा १४८५ मध्ये इन्सब्रुक येथे काही स्त्रियांवर खटला चालवू लागला, तेव्हा ब्रिक्सेनचा बिशप गेओर्ग गोल्सर याने तो खटला मोडून काढला आणि क्रामरला आपल्या मुलखातून निघून जाण्यास सांगितले. क्रामरने त्यानंतर ‘चेटकिणींचा हातोडा’ या अर्थाच्या लॅटिन नावाचा आपला कुप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला आणि पोपचे आज्ञापत्र त्याच्या अग्रभागी छापले. जुन्या धर्मनियमाला भ्रम वाटलेली गोष्ट या ग्रंथाने वस्तुस्थिती म्हणून मांडली. पुढील दोन-अडीच शतकांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही प्रदेशांत मिळून सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे या आरोपाखाली ठार मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि शिक्षा देणारी न्यायालये बहुधा राजसत्तेची होती. त्या शिक्षांना लागणारे तत्त्वज्ञान मात्र धर्मपंडितांनी पुरवले होते.

या वेडाला आवर घालणारे काही लोकही त्याच धर्मसंस्थेत होते. स्पेनमध्ये लोग्रोन्यो येथे नोव्हेंबर १६१० मध्ये इन्क्विझिशनने सहा जणांना जिवंत जाळले. तुरुंगातच मरण पावलेल्या आणखी पाच जणांच्या प्रतिमा जाळल्या. या न्यायपीठावरील तीन न्यायाधीशांपैकी अलोन्सो दे सालाझार याच्या मनात शंका उत्पन्न झाली. १६११ मध्ये क्षमेचे जाहीरपत्र घेऊन तो बास्क प्रदेशातील डोंगराळ खेड्यांतून महिनोगणती हिंडला. एक हजार आठशे दोन माणसांचे जबाब त्याने नोंदवले. त्यांपैकी एक हजार तीनशे चौऱ्याऐंशी तर लहान मुले होती. चेटकिणींचे मलम म्हणून जी मडकी पुढे आली त्यांतील पदार्थ जनावरांना देऊन पाहिले. ते निरुपद्रवी ठरले. एका मेळाव्याविषयी दोघांना वेगवेगळे विचारले की जबाब जुळत नसत. लोक या विषयावर बोलू आणि लिहू लागेपर्यंत तेथे चेटकीही नव्हती आणि चेटूक झालेलेही कोणी नव्हते, असा निष्कर्ष त्याने वरिष्ठांना कळवला. १६१४ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च इन्क्विझिशनने या धोरणाला अनुसरून नवे नियम घालून दिले, आणि त्या देशात इन्क्विझिशनकडून चेटकिणी जाळणे जवळजवळ थांबले. जर्मनीत फ्रीड्रिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ मध्ये निनावी ग्रंथ प्रसिद्ध करून, यातना दिल्यास कोणीही काहीही कबूल करील, हे निर्भयपणे मांडले.

त्याच १६३१ या वर्षी रोममध्ये भविष्यकथनाविरुद्ध एक अत्यंत कडक आज्ञापत्र निघाले; परंतु त्यामागील कथा अगदी निराळी आहे. पोप पाचवे सिक्स्टस यांनी ५ जानेवारी १५८६ रोजी फलज्योतिषाला पूर्ण बंदी केली होती. शेती, नौकानयन आणि वैद्यक यांना उपयोगी असे आकाशनिरीक्षण तेवढे मोकळे ठेवले होते. पोप आठवे अर्बन १६२३ मध्ये गादीवर आले ते स्वतःच कुंडल्यांवर विश्वास असलेले. १६२८ च्या सुमारास त्यांच्या मृत्यूची भाकिते रोमभर पसरली. येऊ घातलेली ग्रहणे त्यांना घातक ठरणार, असे बोलले जाई. तेव्हा पोपनी तोमासो कांपानेल्ला याला जवळ केले. राजद्रोह व पाखंड या आरोपांखाली नेपल्सच्या तुरुंगात सुमारे सत्तावीस वर्षे काढलेला हा डॉमिनिकन संन्यासी आणि पोप एकाच वर्षी, १५६८ मध्ये, जन्मले होते. दोघे एका खोलीत बसत. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून खोली बंद केली जाई, भिंतींवर शुभ्र रेशमी वस्त्रे लावली जात, सुगंधी द्रव्ये शिंपडली व जाळली जात. सूर्य-चंद्रांसाठी दोन दिवे आणि पाच ग्रहांसाठी पाच मशाली लावून बाहेरच्या अशुभ आकाशाऐवजी आत एक शुभ आकाश निर्माण केले जाई; गुरू आणि शुक्र यांना अनुकूल मानलेले संगीतही वाजत असे. ही सारी पद्धत कांपानेल्लाच्या १६२९ मध्ये लिओं येथे छापल्या गेलेल्या ज्योतिषग्रंथात प्रसिद्ध झाली, आणि पोप संतापले.

पुढच्याच वर्षी भाकिताची पुन्हा उचल झाली. रोममधील सान्ता प्रास्सेदे मठाचा अधिपती ओराझियो मोरांदी, जो गॅलिलिओचा स्नेही होता, याने पोपचा मृत्यू समीप असल्याचे वर्तवले. नव्या पोपच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली. जुलै १६३० मध्ये मोरांदीला अटक झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो तुरुंगातच मरण पावला. १ एप्रिल १६३१ रोजी अर्बन यांनी नवे आज्ञापत्र काढले. पोप किंवा त्यांचे आप्त यांच्या मृत्यूचे भाकीत करणाऱ्यास राजद्रोही समजून देहान्त आणि मालमत्तेची जप्ती अशी शिक्षा त्यात ठरवण्यात आली. भाकीत चुकलेच होते. अर्बन १६४४ पर्यंत जगले. परंतु या आज्ञापत्रातील निषेधामागे मनुष्याच्या स्वातंत्र्याची चिंता किती आणि सिंहासनाची किती, हा प्रश्न उरतोच. वेष पालटून एन-दोरला गेलेला राजा आणि बंद खोलीत मशाली लावून बसलेले पोप यांच्यात सुमारे सव्वीस शतकांचे अंतर आहे. भय मात्र एकच आहे.

हा निषेध समुद्रमार्गे मराठी मुलखाच्या किनाऱ्यालाही लागला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तून १६१६ मध्ये बायबलातील कथा मराठी ओवीत अवतरली. समजावून सांगण्याचा तो एक मार्ग होता. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही नांदत होते, आणि तेथे या निषेधाची व्याप्ती भलतीच वाढली. १७३६ च्या आज्ञापत्राने घरापुढील तुळस, लग्नातील गाणी, पानविडा अशा कितीतरी लोकाचारांवर बंदी आणली. भविष्यकथनाविरुद्धचे वचन आणि शेजाऱ्याच्या चालीरीतींविषयीचा संशय यांतील सीमा तेथे पुसली गेली. १८१२ मध्ये ते न्यायपीठ कायमचे बंद झाले.

एकोणिसाव्या शतकात परलोकविद्येची लाट अमेरिका व युरोपात पसरली आणि पहिल्या महायुद्धात तिला उधाण आले. रणभूमीवर मुलगे गमावलेले आईबाप माध्यमांच्या मेजाभोवती अंधारात बसू लागले. २४ एप्रिल १९१७ रोजी रोमच्या धर्मपीठाने अशा बैठकींना कॅथलिकांनी केवळ प्रेक्षक म्हणूनही उपस्थित राहू नये, असा निर्णय दिला. या वेळी कोणालाही चिता दाखवलेली नव्हती. शोकाकुल मनुष्याच्या दुःखाचा बाजार होऊ नये, ही फिलिप्पैच्या दासीच्या कथेतील जुनी जाणीव त्या निर्णयाच्या मुळाशी पाहता येते. मृतांचे स्मरण प्रार्थनेने करावे, त्यांना बोलावू नये, ही कॅथलिक भूमिका त्यामागे होतीच.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात या विषयाला तीन परिच्छेद दिलेले आहेत. देव आपल्या संदेष्ट्यांना वा संतांना भविष्य प्रकट करू शकतो. परंतु ख्रिस्ती मनुष्याने भविष्याविषयी देवाच्या योजनेवर विश्वासून राहावे आणि अनिष्ट कुतूहल सोडून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. कुंडली, हस्तसामुद्रिक, शकुन, माध्यमे या सर्वांमागे काळावर, इतिहासावर आणि अखेर इतर माणसांवर सत्ता गाजवण्याची इच्छा दडलेली असते, हे त्यातील निरीक्षण विशेष मननीय होय. या आज्ञा माणसाच्या वर्तनासाठी आहेत. कोणाचा प्राण घेण्याचा अधिकार त्या कोणालाही देत नाहीत.

सत्तेविषयीचे हे निरीक्षण केवळ भविष्य सांगणाऱ्यांनाच लागू पडते असे मात्र नाही. या दोन हजार वर्षांच्या वृत्तान्तात भविष्याचा व्यापार करणाऱ्यांनी जशी दुर्बलांवर सत्ता गाजवली, तशीच निषेधाचे शस्त्र हाती आलेल्यांनीही गाजवली. या निषेधाचे खरे रक्षण केले ते अगोबार्ड, सालाझार आणि श्पे यांच्यासारख्यांनी. जमावाने बांधून आणलेल्या माणसाकडे पाहताना त्यांनी प्रथम एकच साधा प्रश्न विचारला : हे खरोखर घडले आहे काय? जेथे हा प्रश्न विचारला गेला तेथे माणसे वाचली, आणि धर्मवचनाचीही अप्रतिष्ठा झाली नाही. चेटकीण ठरवून स्त्रीला छळण्याच्या वार्ता जगाच्या अनेक भागांतून अजूनही येतात. त्या ऐकताना लोग्रोन्योच्या त्या न्यायाधीशाने डोंगरातल्या खेड्यांतून गोळा केलेले ते अठराशे जबाब आठवणे अप्रस्तुत ठरू नये.